तव्यावरचं वाळवण

तुतीचा हंगाम अजून सरला नव्हता, तेव्हा राजधानीतून तीन माणसं आली आणि तव्यावर लाल रंगाचे लोखंडी खुंट ठोकून गेली. तवा म्हणजे आमच्या बागेसमोरचा, पाटापलीकडचा उतार. सगळा बारीक खडीचा, दक्षिणेकडं तोंड असलेला. त्यावर एक झाड नाही. दुपारी अनवाणी पाऊल टाकलं तर तळव्याची कातडी सोलून निघेल. जर्दाळू वाळवायला तशी जागा साऱ्या खोऱ्यात नाही. माझ्या सासऱ्यांनी आणि पलीकडच्या ताश-अरिक गावातल्या जोरोबायच्या बापानं मिळून तिथले मोठे दगड वेचले होते. तेव्हा सोव्हिएत काळ, देश एकच, दोघं एकाच सामूहिक शेतात राबायचे. दगड उचलताना हा ताजिक दगड की किर्गिझ, असं कुणी विचारलं नाही. तेव्हापासून तव्याचा डावा अर्धा आमचा आणि उजवा त्यांचा.

खुंटांच्या हिशेबानं आता अख्खा तवा पलीकडं गेला. बाग आमच्या देशात, वाळवण त्यांच्या देशात, आणि मधला पाट कुणाचा हे विचारायची सोय नव्हती. विचारलं की डोकी फुटत. आमचं बोगदरा हे ताजिक गाव तसंही चारी बाजूंनी त्यांच्या, किर्गिझ मुलखानं वेढलेलं. आम्हाला बाहेर पडायचं तर त्यांच्या गावांतून, आणि ताश-अरिकच्या लोकांना शहराला जायचं तर आमच्या गावातून. हा नकाशा ज्यानं काढला त्याला स्वतःची शेळीसुद्धा कधी चारावी लागली नसणार. नाहीतर शेळी कुठवर जाते एवढं तरी त्याला ठाऊक असतं.

गेल्या उन्हाळ्यात पाण्यावरून दगडफेक झाली. आमच्या बाजूच्या दगडानं जोरोबायच्या पुतण्याचा डोळा गेला. आमच्या गवताच्या दोन गंजी जळाल्या. त्यानंतर दोन्ही गावांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. हिवाळ्यात माझी सासू वारली, तर जोरोबाय मातीलाही आला नाही. सासूनं त्याला लहानपणी आपल्या हातानं नान भरवलेली. ह्यांनी ती गोष्ट मनात धरली. बोलून दाखवली नाही, पण त्या दिवसापासून घरात जोरोबायचं नाव निघालं की हे उठून बाहेर जायचे.

जूनच्या शेवटी फळ पिकलं. जर्दाळू कुणासाठी थांबत नाही. आज पिवळा, उद्या केशरी, परवा जमिनीवर चिखल. मुलगा बहोदुर रशियात इमारतींवर काम करतो, त्यामुळं घरात मी, हे, सून निगोरा आणि तिचं तान्हं मूल. हे झाडावर चढून फांद्या हलवायचे, आम्ही खाली चादर धरून उभ्या. अंगावर फळं बदाबदा पडत, मान चिकट होई, माश्या डोळ्यांत शिरत.

"छतावर घालू या यंदा," मी म्हटलं.

"छतावर चार चादरी मावतात," हे वरून म्हणाले. "बाकीचे काय तुझ्या डोक्यावर वाळवू?"

"लोक रस्त्याच्या कडेला घालतात."

"आणि ट्रकची धूळ खातात. व्यापारी एक तोंडात टाकतो, दातांत कचकच आली की थुंकतो. वर्षभर काय खायचं मग? थुंकी?"

निगोरा खाली मान घालून म्हणाली, "बाबा, पण तिकडं बंदुका आहेत."

"बंदुका माझ्या बापाच्या जागेवर आहेत," हे म्हणाले. "मी बंदुकांच्या जागेवर जात नाहीय."

बोलणं तिथं संपलं. एवढं फळ वाळलं नाही तर हिवाळा कसा काढायचा, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. बहोदुरचे पैसे दोन महिन्यांपासून आले नव्हते.

त्यांच्या चौकीवरच्या अधिकाऱ्यानं मेहरबानी केली. रोज दोन माणसं, सूर्य डोक्यावर येईपर्यंत, पासपोर्ट चौकीत ठेवून. पहिल्या दिवशी फळीवरून पाट ओलांडला, तर एका कोवळ्या शिपायानं ह्यांना थांबवलं. मिशीची नुसती लव होती त्याला.

"म्हाताऱ्या, बूट काढ."

ह्यांनी काढले.

"पट्टा."

"पट्टा कशाला?"

"काढ म्हटलं ना!"

मग त्यानं खोकी उलटी करायला लावली. तासभर बसून निवडलेली फळं धुळीत पडली. त्यानं बंदुकीच्या टोकानं ती ढवळली, एक उचलून खाल्लं आणि बी ह्यांच्या पायाशी थुंकली. हे अठ्ठावन्न वर्षांचे. एका हातात बूट, दुसऱ्या हातानं विजार धरून अनवाणी खडीवर उभे. पलीकडं आपल्या अर्ध्यात जोरोबाय फळं पसरत होता. त्यानं हे पाहिलं आणि तोंड फिरवलं. लाजेनं फिरवलं, हे मला पाठीवरूनच कळलं. ह्यांना वाटलं, हसू लपवायला.

"बघितलंस?" हे दात खाऊन म्हणाले. "मजा येतेय त्याला."

"मजा येत असती तर सरळ बघत राहिला असता."

"तू गप्प बस."

मी बसले. संसाराच्या सव्वीस वर्षांत मला गप्प बसायची चांगली सवय झाली होती, आणि या गोष्टीत तिचा वाटा थोडाथोडका नाही.

चार दिवस आम्ही राबलो. फळ उभं फोडायचं, बी काढायची, जाळीवर मांडून छोट्या खोपट्यात गंधकाची धुरी द्यायची, मग पोटं वर करून एकेक अर्धुक खडीवर पसरलेल्या चादरीवर लावायचं. धुरीनं घसा जळतो, नखांच्या कडा फाटतात, पाठ धनुष्य होते. वीस पावलांवर जोरोबाय आणि त्याची बायको बुरुल तेच काम करत होती. पुरुष दोघं एकमेकांकडं पाठ करून. मी आणि बुरुल मात्र दोन अर्ध्यांमधल्या दगडांच्या रांगेशी येऊन आपापल्या बाजूला बसायचो. नजर फळांवर, ओठ न हलवता बोलायचं.

"तुझे यंदा मोठे उतरलेत," बुरुल म्हणाली.

"दृष्ट लावू नकोस."

"लावायची तर लपून लावली असती." जरा थांबून ती म्हणाली, "शरोफत, तुझ्या सासूच्या वेळी आम्ही आलो होतो गं."

माझा हात थांबला.

"दुखवट्याच्या जेवणासाठी मेंढी घेऊन आलो होतो. तुमच्या शिपायांनी सोडलं नाही. दोन तास बर्फात उभं केलं. ह्यानं मेंढी तरी आत न्या म्हटलं, तर ते हसले. मेंढीचा पासपोर्ट कुठाय म्हणाले."

"मग सांगितलं का नाही?"

"कुणामार्फत सांगायचं? पोस्टमन आहे का आपल्यात?"

घरी आल्यावर मी ते ह्यांच्या कानावर घातलं. हे बूट झटकत होते. "आता सांगायला काय जातंय," एवढंच म्हणाले.

एक गोष्ट इथं सांगायला हवी. आमच्याकडं जर्दाळू पसरले की ते अर्धे गावाचे असतात. म्हणजे खायला नव्हे, राखायला. अर्धवट वाळलेल्या फळावर एक सर पडली की ते काळं पडतं, आंबतं, मेंढ्यासुद्धा तोंड लावत नाहीत. म्हणून डोंगरावर ढग दिसला की जो जवळ असेल त्यानं धावायचं आणि जे हाताशी येईल ते गुंडाळायचं. त्यातही मालक जिथं हजर नसेल तिथलं आधी आणि आपलं शेवटी. आपलं आधी उचलणाऱ्याला पुढं दहा वर्षं लोक लग्नात टोमणे मारतात. हे कुठं लिहिलेलं नाही. जर्दाळूवर जगणारा प्रत्येक माणूस ते जाणतो, मग तो ताजिक असो की किर्गिझ.

पाचव्या दिवशी सूर्य डोक्यावर यायच्या आधीच तो कोवळा शिपाई धावत आला. वर पाटाच्या मुखाशी, पाण्याच्या दारांवर, दोन्ही गावांची पोरं भिडली होती. कुणाचं तरी डोकं फुटलं होतं.

"निघा! चला, निघा इथून!"

"फळं गोळा करू द्या, अर्धा तास," हे म्हणाले.

त्यानं आमचे पासपोर्ट धुळीत फेकले. हे वाकून उचलायला गेले तसा त्यानं बंदुकीचा दस्ता ह्यांच्या कमरेत हाणला. हे गुडघ्यांवर पडले. मी ओरडले, तर मलाही ढकललं. जोरोबाय चार पावलं पुढं आला आणि आपल्याच शिपायाला म्हणाला, "अरे, म्हातारा माणूस आहे तो." शिपायानं त्यालाही शिवी घातली. हे ह्यांनी ऐकलं नाही, की ऐकून सोडून दिलं, कोण जाणे. आम्ही पाट ओलांडून आलो. पाच दिवसांची मेहनत उघड्यावर राहिली.

हे बागेच्या कडेला जाऊन बसले. मांडीवर फावडं आडवं. मी चहा नेला, तो गार झाला. कमरेवर हाताएवढा काळानिळा वळ उठला होता, त्याला हात लावू देईनात. वरच्या अंगानं आरडाओरडा ऐकू येत होता, मधूनच ट्रॅक्टरचा भोंगा.

दुपार कलायच्या आत डोंगरामागून ढग चढला. आधी मुठीएवढा, मग बघता बघता अर्धं आभाळ शाईसारखं. वारा सुटला. धुळीचे लोट तव्यावरून फिरू लागले. हे उभे राहिले. आम्ही इथं आणि फळं तिथं, मध्ये फक्त एक पाट. एरवी लहान मूल फळीवरून ओलांडेल असा.

"तो बघ," हे म्हणाले.

तव्यावर एक माणूस पळत होता. आमच्या अर्ध्यात. वाकायचा, चादरीची चार टोकं ओढायचा, गाठ मारायचा, गाठोडं पाठीवर टाकून उतारानं आपल्या घराकडं पळायचा आणि पुन्हा यायचा. जोरोबायच तो. त्याची चाल मी शंभर माणसांत ओळखेन.

"नेतोय," हे म्हणाले. आवाज अगदी शांत होता. "शिपायांकडून हाकलून लावलं आणि आता नेतोय."

"अहो, ढग आलाय—"

हे फळीकडं गेलेच नाहीत. सरळ पाटात उतरले. कमरेएवढं बर्फाचं पाणी, तसेच पलीकडं चढले, हातात फावडं. मीही मागोमाग. पाण्यानं माझे पाय ओढले, मी पडले, उठले. तव्यावर चढले आणि पहिल्यांदा उजवीकडं पाहिलं. जोरोबायचा अर्धा तसाच्या तसा होता. त्याचे सगळे जर्दाळू उघड्यावर होते. एक चादर गुंडाळलेली नव्हती. पहिले टपोरे थेंब त्यांच्यावर पडत होते.

मी किंचाळले. "आमचे आधी उचलतोय तो! आमचे आधी!" वाऱ्यानं शब्द मागं नेले.

जोरोबायनं ह्यांना येताना पाहिलं. आणि तो घाबरला नाही. उलट त्याचा चेहरा उजळला, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्यानं आमच्याकडं पाठ केली, खाली वाकला, पुढच्या चादरीची दोन टोकं उचलली आणि एक टोक मागं करून ओरडला, "हिकमत, टोक धर!"

ह्यांनी फावडं घातलं. कानामागं. आवाज कलिंगड पडल्यासारखा आला. जोरोबाय पुढं फळांवर कोसळला आणि दोन्ही हातांनी खडी खरवडू लागला, जणू उठायची घाई झाली होती. ह्यांनी दुसरं घातलं, ते खांद्यावर बसलं. तिसरं घालणार तेवढ्यात मी पात्याला लटकले. माझा तळवा चिरला. पाऊस एकदम कोसळला. जोरोबायच्या डोक्याखाली जर्दाळू लाल झाले आणि पाणी तो लाल रंग उतारावरून खाली नेऊ लागलं.

खालून बुरुल धावत आली. तिनं आधी त्याला पाहिलं, मग फावडं, मग ह्यांना. ती रडली नाही. त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि माझ्याकडं हात पुढं केला. मी माझा रुमाल डोक्यावरून सोडून तिला दिला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मी परक्या रानात उघड्या डोक्यानं उभी होते. चौकीतून गोळी सुटली, हवेत. आमच्या बाजूनं उत्तर आलं, ते मात्र हवेत नव्हतं. ह्यांनी माझं मनगट धरलं आणि फरफटत पाटापार आणलं.

अलीकडं शेजारचा सब्झाली आणि दहा-बारा तरणी माणसं जमली होती. ह्यांना सगळी आका, म्हणजे दादा, म्हणायची.

"काय झालं, आका? कुणी मारलं? रक्त कुणाचं?"

हे धापा टाकत होते. ओठ निळे पडले होते. मी ह्यांच्या तोंडाकडं बघत राहिले.

"माल नेत होता," हे म्हणाले.

एवढेच तीन शब्द. ते घेऊन पोरं सुटली. दारादारांत गेली, मशिदीच्या भोंग्यावर गेली, फोनवरून रशियापर्यंत गेली. मी तिथंच बोलायला हवं होतं. माझी दातखीळ बसली होती असं मी पुढं कितीतरी वेळा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला माझा नवरा हवा होता.

तीन दिवस दोन्हीकडून जाळलं. त्यांनी आमची पाटाकडची अकरा घरं जाळली, आमच्यांनी त्यांची त्याहून जास्त. सब्झालीच्या बायकोच्या मांडीत गोळी घुसली, ती न्हाणीच्या दगडावर बसून दात आवळून कण्हत होती, आणि मी कात्रीनं तिची विजार कापत होते. गाईंच्या अंगाला आग लागून त्या गल्लीतून पळत गेल्या. तो वास अजून नाकातून जात नाही. शहराच्या रस्त्यावर आमच्या पोरांनी धोंडे टाकले, टायर पेटवले. आमच्या छतावरून तो रस्ता दिसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी एक ट्रॅक्टर आला. मागच्या ट्रॉलीत गाद्या, गादीवर कुणीतरी निजलेलं आणि शेजारी बसलेली बाई. पोरांनी दगड मारून तो परतवला. ट्रॅक्टर पुन्हा आला, पुन्हा परतवला. तिसऱ्या वेळी ती बाई खाली उतरली आणि धोंड्यांपाशी येऊन हात जोडून काहीतरी बोलली. मी तिला चालीवरून ओळखलं, बुरुलच ती. ह्यांना हाक मारली.

"वर या. बघा."

हे वर आले. त्यांनी पाहिलं.

"जा आणि पोरांना सांगा," मी म्हटलं. "तुमचं ऐकतील. तुमच्या नावानंच चाललंय सगळं."

हे शिडीपर्यंत गेले. एक पाय पायरीवर ठेवला. मग परत आले आणि भिंतीला टेकून खाली बसले. ट्रॅक्टर चौथ्यांदा आला नाही. जोरोबाय त्याच संध्याकाळी गेला.

गोळीबार थांबला त्या दिवशी सब्झालीचा धाकटा भाऊ उमेद चार जणांना घेऊन आमच्या अंगणात आला. चेहरे काळवंडलेले, डोळे तांबारलेले. गाढवांवर गाठोडी लादलेली.

"आका, तुमचा माल परत आणला!" उमेद ओरडला. "चोराच्या गोठ्यात होता. घर पेटवायच्या आधी सगळा बाहेर काढला. एक दाणा सोडला नाही."

बारा गाठोडी होती. आमच्याच चादरी, निगोराच्या लग्नातल्या दोन त्यांत. मी एक सोडलं. कोरडे खडखडीत, केशरी, एकमेकांना न चिकटलेले. कुणीतरी गोठ्यात फळ्यांवर उंच ठेवले होते, खाली ओल लागू नये म्हणून.

"त्याचे स्वतःचे कुठायत?" मी उमेदला विचारलं.

"त्याचे? ते तव्यावरच सडलेत. काळा राडा झालाय." तो हसला. "दुसऱ्याचं उचलायच्या नादात स्वतःचं गेलं!"

त्याच्या मागं उभा असलेला एक जण हसला नाही. तो गाढवाची दोरी सोडत राहिला. पोरं गेल्यावर मी ह्यांच्यासमोर एक मूठ धरली.

"खा."

"शरोफत."

"खा ना. तुमचा माल आहे."

ह्यांनी माझ्या हातावर फटका मारला, फळं अंगणभर उडाली. मग हे स्वतःच वाकून एकेक वेचू लागले. वेचता वेचता ह्यांच्या घशातून एक आवाज निघाला, वाहनाखाली सापडलेल्या कुत्र्याच्या घशातून निघतो तसा. निगोरानं मूल उचललं आणि आत जाऊन दार लावलं.

दोन दिवसांनी गावचा प्रमुख होशिम आला. अंगात इस्त्रीचा कोट, आवाजात साखर.

"हिकमत आका, उद्या सरहद्दीच्या पुलावर दोन्हीकडचे मोठे साहेब बसणार. सुरुवात कुणी केली हे ठरणार. तुम्ही फक्त काय घडलं ते सांगायचं. तो लुटायला आला, तुम्ही अडवलं, झटापट झाली."

"झटापट," हे म्हणाले.

"हो. नाहीतर पहिला वार आमचा ठरतो. मग तव्यावरचा हक्कही गेला, पाण्याची पाळीही गेली आणि तुम्ही तुरुंगात. अकरा घरं जळालीत, आका. त्या लोकांना काय सांगणार तुम्ही? की तुमची घरं माझ्या चुकीपायी गेली?"

होशिम निघाला तेव्हा मी फाटकाशी म्हटलं, "आणि जोरोबायला चोर म्हणून मातीत राहू द्यायचं?"

"वहिनी, मेलेल्याला नावाचं काय?" तो म्हणाला. तो काही दुष्ट माणूस नव्हता. त्याचंही घर जळालं होतं.

दुसऱ्या दिवशी पुलाच्या मध्यावर दोन टेबलं लावली होती, मध्ये काटेरी तार. इकडं आमचा साहेब, तिकडं त्यांचा. दोघंही राजधानीचे, हात गोरे, बुटांवर आमची धूळ बसली म्हणून वैतागलेले. दोन्ही बाजूंना माणसं दाटलेली, पुढं म्हातारे, मागं तरुण. तारेपलीकडं बुरुल बसली होती. निळा शोकाचा झगा, भुवया करपलेल्या. घर जळताना आत शिरली असणार.

ह्यांना पुढं बोलावलं. लिहिणाऱ्यानं नाव विचारलं, बापाचं नाव विचारलं.

"त्या दिवशी काय घडलं?"

"मी बागेत होतो," हे म्हणाले. "तो आमचा माल उचलून आपल्या घराकडं नेत होता. मी अडवायला गेलो. झटापट झाली."

"म्हणजे लूट करत होता?"

होशिम खाकरला.

"हो," हे म्हणाले. "लूट."

लिहिणाऱ्यानं लिहिलं. पलीकडून तरुणांचा गलका उठला, शिपायांनी बंदुका आडव्या धरल्या. माझ्या जिभेवर शब्द होते, अगदी दातांपर्यंत आले होते, आणि मी पुन्हा गप्प राहिले. तेवढ्यात बुरुल उठली. ती साहेबांकडं वळलीच नाही. तारेला हात लावून तिनं ह्यांनाच विचारलं. आवाज चढवला नाही.

"हिकमत आका, तेव्हा आमचे जर्दाळू कुठं होते?"

आमचा साहेब लिहिणाऱ्याकडं बघू लागला. "काय म्हणतेय ती? कसले जर्दाळू? पुढचा साक्षीदार घ्या."

पण पुढच्या रांगेतले म्हातारे कुणीच साहेबाकडं बघत नव्हते. सब्झालीच्या बापानं डोक्यावरची टोपी काढली आणि मान खाली घातली. तिकडच्या एका म्हाताऱ्यानं डोळे मिटले. मागची तरणी पोरंसुद्धा गप्प झाली, कारण लहानपणी ढग आला की त्यांनाही आयांनी दुसऱ्याच्या चादरींकडं पळवलेलं होतं.

ह्यांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या.

"उघड्यावर," हे म्हणाले.

"मोठ्यानं," बुरुल म्हणाली.

"उघड्यावर होते. पाऊस पडत होता. त्याचे भिजत होते आणि तो आमचे उचलत होता." ह्यांचा आवाज फाटला. "टोक धर म्हणाला. मी ऐकलं. फावडं वर गेलेलं होतं. मी ऐकलं, तरी खाली आणलं. मागून मारलं मी त्याला. झटापट नाही झाली. काही नाही झालं."

"थांबा, हे लिहू नका," आमचा साहेब म्हणाला. तिकडचा साहेब म्हणाला, "लिहा, लिहा."

पहिला दगड आमच्या बाजूनं आला. तो ह्यांच्या पाठीत बसला. मी वळून पाहिलं, तर उमेद. त्याचा चेहरा वेडावाकडा झाला होता, तो रडत होता आणि दुसरा दगड उचलत होता. "आमची घरं!" तो ओरडला. "तुझ्यापायी माणसं जाळली आम्ही! तुझ्यापायी!" मग पाचसहा एकदम आले. एक ह्यांच्या कपाळावर लागला, हे तारेवर पडले, काट्यांत हात अडकले. मी धावले आणि ह्यांच्या पाठीवर अंग टाकलं. एक दगड माझ्या कोपरावर बसला, हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. आपल्याच गावाचा दगड कसा लागतो ते मला त्या दिवशी कळलं. होशिम दोन्ही हात पसरून ओरडत होता, त्याचं कुणी ऐकत नव्हतं.

पलीकडच्या शिपायांनी तार वर उचलली आणि ह्यांना पायांना धरून आपल्या बाजूला ओढलं. त्यांच्या गावातली तरुण माणसं लगेच पुढं सरकली. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात लोखंडी सळई. जोरोबायचा एका डोळ्याचा पुतण्या सगळ्यांच्या पुढं होता. हे जमिनीवर पालथे पडलेले, कपाळातून रक्त, उठायचा प्रयत्नही करत नव्हते.

बुरुल मध्ये येऊन उभी राहिली. तिनं ह्यांच्याकडं खाली पाहिलं. त्या नजरेत दया नव्हती, मी उगाच खोटं सांगणार नाही.

"हात लावू नका," ती म्हणाली. "जिवंत ठेवा ह्याला. आत्ता बोलला ते ह्याला अजून गावोगाव सांगायचंय."